पावण्याचं ताट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाकडून मार्क नकोत.

तारीख १३ ऑक्टोबर १९९८. वार मंगळवार. कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. जागा कोल्हापूर, कळंब्याच्या बाजूला आडरस्त्यावरचा एक बैठा बंगला. वेळ संध्याकाळचे सव्वासहा.

हो, संध्याकाळचे. भुतं रात्री बाराला येतात असं सगळे लिहितात. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. घरात ट्यूबलाईट चालू होती, बाहेर अजून थोडा उजेड होता आणि गॅसवर मऊ भात शिजत होता.

मी अंजना. मूळची गारगोटीची. नर्सिंग करून कोल्हापुरात नोकरीला लागले. आम्ही बौद्ध. "आपल्या घरात देवच न्हाय, तर भूत कुठनं येणार?" असं आमचे आबा म्हणायचे, आणि मला ते लहानपणापासून पटलेलं. स्मशानाजवळून एकटी सायकल मारत जायचे मी. तेव्हा मला घाबरट समजू नका.

त्या बंगल्यात एका डॉक्टरताईंनी बारा खाटांचं केंद्र काढलं होतं. नाव सांगत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांची आठवण पुसत चालली आहे आणि जी आता बरी होणार नाहीत, त्यांचे शेवटचे महिने नीट जावेत, एवढंच तिथलं काम. तेव्हा आपल्याकडे लोक या आजाराला म्हातारचळ म्हणायचे. कुणी म्हातारीला खोलीत कोंडायचं, कुणी खाटेला बांधायचं, आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं, लई करतो आम्ही आईचं.

डॉक्टरताईंचे नियम सरळ होते. बांधायचं नाही. ओरडायचं नाही. नाकात नळी घालून जबरदस्तीने अन्न ढकलायचं नाही. हाताने, चमच्याने, घेतील तेवढंच द्यायचं. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून कपाळावरची आठी बघायची. आणि शेवटच्या वेळी कुणीतरी हात धरून बसायचं.

सगळ्यात मोठा नियम एकच होता...

"नाही" म्हणायचं नाही.

आजोबा म्हणाले, शाळेला उशीर झाला, तर म्हणायचं, हो, दप्तर भरते. आजी म्हणाल्या, आई हाक मारतीया, तर म्हणायचं, हो, बोलवते त्यांना. वाद घालायचा नाही. त्यांचं जग जसं असेल तसं खरं धरायचं.

मी हा नियम अगदी तंतोतंत पाळला.

शालूबाई जूनमध्ये आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. जयसिंगपूरच्या बाजारात त्यांची खानावळ होती, चाळीस वर्षं चालवलेली. व्यापारी, हमाल, ट्रकवाले, सगळे त्यांच्या हातचं जेवलेले. नवरा वारलेला. एकुलती मुलगी भैरवी, तिथंच शाळेत शिक्षिका. शालूबाई दोनदा गॅस चालू ठेवून बाजारात निघून गेल्या आणि एकदा रेल्वेच्या रुळावर सापडल्या, तेव्हा भैरवीताईंनी हात टेकले.

आईला सोडून जाताना त्या फाटकापाशी थांबल्या.

"सिस्टर, माझे वडील दवाखान्यात एकटे गेले. आम्ही सगळे खाली चहा प्यायला गेलो होतो. वर आलो, तर संपलेलं. आईचं तसं नको व्हायला. मी नसले तर कुणीतरी तिचा हात धरून असू दे. एवढं वचन द्या मला."

वचन द्यायला काय लागतं. दिलं मी.

भैरवीताई दर रविवारी एसटीने यायच्या. बाकीच्या अकरा जणांकडे कोण यायचं, विचारू नका. भेटायला येणाऱ्यांसाठी दारात एक बाक ठेवला होता. तो दिवाळीलासुद्धा रिकामा असायचा. दुपारी सगळी म्हातारी झोपली की त्या बाकावर मीच माझा डबा उघडायचे. लग्न मी केलं नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून क्वचित एखादी सायकल जायची, तिच्याकडे बघत जेवायचं. खरं सांगते, त्या घरात आवाज फार कमी होते. म्हणून नवा आवाज आला की लगेच कळायचा.

शालूबाईंशी माझी रोज नवी ओळख व्हायची.

"कुणाची गं तू?"

"गारगोटीची. बौद्धाची."

एखाद्या दिवशी तोंड वाकडं व्हायचं. दुसऱ्या दिवशी ते वाकडं तोंडही विसरायच्या आणि पुन्हा विचारायच्या. मी पुन्हा खरं सांगायचे. दोन महिन्यांत त्यांना माझं नाव एकदाही आठवलं नाही.

ऑगस्टमध्ये त्यांनी जेवण सोडलं.

चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायच्या.

"पावणं जेवलं न्हाईत अजून."

"कुठले पावणं, आजी?"

त्यांनी दाराकडे हनुवटी केली. दाराशी एक वेताची खुर्ची होती. त्यात कुणी नव्हतं.

"ते काय बसल्यात. दिसत न्हाईत व्हय तुला?"

मला नियम आठवला.

"दिसतात की. माझं लक्षच नव्हतं."

"मग वाढ की त्यास्नी. पावणं उपाशी आन् मी जेवू व्हय?"

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. आधी पाहुणा, मग घरचे, आणि घरची बाई सगळ्यात शेवटी. शालूबाईंच्या डोक्यातून नवरा गेला, मुलगी अर्धी गेली, पण ही रीत गेली नव्हती. दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट केलं. भाकरी, झुणका, कांदा आणि त्यांच्या हुकमाप्रमाणे एक हिरवी मिरची. शेजारी पाण्याचा तांब्या. सगळं त्या खुर्चीपुढे स्टुलावर मांडलं.

थोड्या वेळाने म्हटलं, "आजी, जेवले हं पावणं."

"कुठं जेवल्यात? ताट तसंच हाय."

चाळीस वर्षं खानावळ चालवलेली बाई. ताटाच्या बाबतीत तिला कोण फसवणार?

मग मी युक्ती काढली. केस विंचरायचं निमित्त करून त्यांचं तोंड खिडकीकडे वळवायचं, आणि तेवढ्यात ताट उचलून बादलीत रिकामं करायचं.

"बघा. चाटूनपुसून जेवले."

"जेवलं व्हय... मग वाढ मला."

आणि त्या जेवल्या. डॉक्टरताईंनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. मीही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तीन आठवडे हे असंच चाललं.

मग एका संध्याकाळी केस विंचरून मी मागे वळले...

ताट रिकामं होतं.

मी ते रिकामं केलं नव्हतं.

झुणक्याचा कण उरला नव्हता. तांब्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं. आणि ताटाच्या कडेला मिरचीचं देठ होतं... नीट काढून ठेवलेलं.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. आकाराम आचारी निघायच्या तयारीत पिशवी भरत होता. साठीला आलेला माणूस.

"आकाराममामा, आजींच्या खोलीतलं ताट तुम्ही खाल्लं?"

"खुळी का काय तू, सिस्टर? मी हितनं हललो न्हाय."

"मग मिरची कुणी खाल्ली?"

"मला इचारतीस? मूळव्याध हाय मला. मिरची बघितली तरी घाम फुटतुया."

मला हसू आलं. म्हटलं, मांजर असेल.

मांजर देठ काढून ठेवत नाही, हे मला रात्री खोलीवर जाताना सुचलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी ताटावर नजर लावून बसले की काही व्हायचं नाही. तास तास बसले तरी नाही. पण शालूबाईंना पाणी पाजायला किंवा उशी सारखी करायला पाठ वळली की...

भाकरी मोडल्याचा बारीक आवाज.

मग तांब्या स्टुलावर ठेवल्याचा.

वळून बघावं तर ताट स्वच्छ.

डॉक्टरताईंना सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "अंजना, तू दमलीयेस. दोन दिवस घरी जाऊन ये." मी गेले नाही. घरी जाऊन काय सांगणार होते आबांना?

सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. खुर्ची दाराशी नव्हती. पलंगाच्या पायथ्याशी आली होती. मी ती उचलून परत दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायथ्याशी.

आमच्याकडे बनाबाई नावाच्या आया होत्या. झाडलोट, धुणं, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं त्यांच्याकडे.

"बनाबाई, खुर्ची तुम्ही सरकवता का?"

"न्हाय बाई. मी झाडतानाबी तिला हात लावत न्हाय."

"का?"

त्या झाडू तसाच धरून उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा टेकलेली तिच्यावर. गरम लागली... कुणी आत्ताच उठल्यागत."

त्या दिवसापासून मी ताट हात लांब करून, खुर्चीला न शिवता ठेवायला लागले. पण ताट ठेवलं नाही तर शालूबाई जेवत नव्हत्या. मी तरी काय करणार होते? माझ्यासाठी त्यांनी जेवणं महत्त्वाचं होतं. मी ठेवत राहिले.

ऑक्टोबर लागला आणि शालूबाई खचल्या. दिवसभर डोळे मिटलेले. हाताला चमचा पेलेना, मग मान पेलेना. डॉक्टरताई म्हणाल्या, "चार-पाच दिवस. आता खाण्यासाठी मागं लागू नका. ओठ ओले ठेवा आणि जवळ बसा."

मी भैरवीताईंना फोन केला. त्यांच्या शाळेत सहामाही परीक्षा चालू होती. "बुधवारी सकाळी येते, मग राहतेच," त्या म्हणाल्या. "तोवर..."

"मी आहे ना," मी म्हटलं.

आणि आला तो मंगळवार.

आकाराम सहाला निघून गेला. कामावर मी आणि बनाबाई दोघीच. बनाबाई पुढच्या अंगणात वाळलेल्या चादरी काढत होत्या. शालूबाईंनी दोन दिवस ओठांना काही लागू दिलं नव्हतं, पण दुपारी एकदा पुटपुटल्या होत्या, "पावण्यास्नी वाढा..." म्हणून मी ताट केलं. म्हटलं, न जाणो, त्या निमित्ताने दोन घास घेतील. डॉक्टरताईंनी मागं लागू नका सांगितलं होतं, तरी माझी आशा सुटत नव्हती.

ताट घेऊन खोलीत शिरले आणि जागीच थांबले.

खुर्ची उशाशी होती. पलंगाला अगदी चिकटून.

आणि शालूबाईंचा उजवा हात...

हवेत होता.

चादरीच्या वर, वीतभर उंच. खाली पडत नव्हता. बोटं अर्धी मिटलेली, कुणीतरी आपल्या हातात धरावीत तशी.

मला भीती वाटली. पण खरं सांगू? भीतीच्या आधी राग आला. तो हात मी धरायचा होता. वचन मी दिलं होतं. चार महिने मी भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि हा कोण आयत्या वेळी उशाशी येऊन बसलेला?

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने बोलले. रागात तोंडातून गारगोटीची भाषा बाहेर पडली.

"पावणं, लई दिस झालं. आता निघा. तुमच्यापायी म्हातारी उपाशी मराय लागलीया. निघा म्हणते न्हवं!"



मग वेत करकरला... बसलेलं माणूस उठल्यावर करकरतो तसा.

शालूबाईंचा हात धप्पकन चादरीवर पडला.

त्यांनी डोळे उघडले. स्वच्छ डोळे. चार महिन्यांत मी ते डोळे बघितले नव्हते. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या,

"अंजना, पावण्याला निघ म्हणायचं न्हाय गं."

माझं नाव. पहिल्यांदाच.

मग दाराकडे बघून, घाईघाईने, "थांबा की वाईच... आलो मी पोचवाया."

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी आनंदही झाला. म्हातारी शुद्धीवर आली, नावाने बोलली, आता दोन घास खाईल! मला दुसरं काही सुचलंच नाही. हातातलं ताट तसंच घेऊन मी मऊ भात आणायला स्वयंपाकघरात पळाले. भात वाटीत काढला, वर तूप घातलं, फुंकर मारून गार केला. तीन मिनिटं लागली असतील. फार तर चार.

परत आले तेव्हा शालूबाई गेल्या होत्या.

त्या पलंगावर आडव्या होत्या, पण दोन्ही पाय खाली सोडलेले. तळवे फरशीला टेकलेले. आठवडाभर ज्या बाईला स्वतःहून कूस बदलता आली नव्हती, तिने डोक्यावरून पदर घेतला होता. नीट, कानामागे खोचून. पाहुण्याला पोचवायला दारापर्यंत जाताना बायका घेतात तसा.

खोलीचं दार सताड उघडं होतं.

अंगणातून बनाबाईंचा आवाज आला. "सिस्टर, कोण आलतं गं?"

मी धावत बाहेर गेले. त्या चादरींच्या आडून डोकं काढून फाटकाकडे बघत होत्या.

"फाटकाची कडी वाजली आत्ता. चपला वाजल्या... दोघांच्या. मला वाटलं, आजींची लेक आली, तिला पोचवाया तू चाललीस."

फाटकाची कडी निघालेली होती. मी रस्त्यावर जाऊन दोन्हीकडे बघितलं. वळणापर्यंत कुणी नव्हतं. समोरच्या घराचं कुत्रं पायरीवर उभं राहून वळणाकडे एकटक बघत होतं. भुंकत नव्हतं.

आत येऊन मी शालूबाईंचा हात धरला. उशीर झाला होता, तरी धरला. डॉक्टरताई येईपर्यंत सोडला नाही.

भैरवीताईंना निरोप उशिरा मिळाला. त्या सकाळच्या पहिल्या एसटीने आल्या. आईच्या पायावर डोकं ठेवून बराच वेळ बसल्या. मग बाहेर येऊन त्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या.

"आई एकटी होती का, सिस्टर?"

"मी होते" असं म्हणायचं मी रात्रभर घोकलं होतं. त्या घरात रोज पन्नास वेळा खोटं "हो" म्हणायचे मी. पण ते आजारी माणसांसाठी होतं. ही धडधाकट बाई माझ्या डोळ्यांत बघून विचारत होती. मला खोटं बोलवेना.

"मी नव्हते. भात आणायला गेले होते."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आमच्या बाबांसारखंच झालं."

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. ताट, देठ, खुर्ची, हवेतला हात, मी काय बोलले ते, पदर, फाटकाची कडी. वाटलं, या आता ओरडतील, मला वेडी ठरवतील, डॉक्टरताईंकडे तक्रार करतील. मी तयार होते.

त्यांनी डोळे उघडले. मग त्यांनी विचारलं,

"त्यांचं जेवण झालं होतं?"

"कुणाचं?"

"पावण्यांचं. काल."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. ताट मी खाली ठेवलंच नव्हतं. ते माझ्या हातातच होतं. तसंच मी ते ओट्यावर नेऊन ठेवलं होतं, आणि सकाळीसुद्धा ते तिथंच होतं, भाकरी वाळून कडक झालेली.

"नाही," मी म्हटलं.

भैरवीताईंचा चेहरा पांढरा पडला.

"आमच्या आईच्या दारातून चाळीस वर्षांत कुणी उपाशी गेलं नाही, सिस्टर." त्या उठल्या. पदराने तोंड पुसलं. आत जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जेवायचं राहिलंय त्यांचं."

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

मी तिथं आणखी नऊ वर्षं काढली. जाणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून बसले. भात करपला, फोन वाजला, कुणी हाक मारली, तरी उठले नाही. पुन्हा कुणी पाहुण्याचं नाव काढलं नाही. खुर्ची कधी हलली नाही. २००७ साली केंद्र बंद झालं आणि मी गारगोटीला परत आले. आबा त्याआधीच गेले होते.

शालूबाई एकट्या गेल्या नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. कुणाबरोबर गेल्या, ते ठाऊक नाही. तो त्यांना न्यायला आला होता, की नुसती सोबत करत होता आणि मी हाकलल्यामुळे त्या निघाल्या, हे मी कितीतरी वेळा मनात उलटंपालटं करून बघितलं आहे. उत्तर येत नाही. देव न मानणाऱ्या माणसाने हे कुणाला विचारायचं?

आता घरात मी एकटीच असते. दिवस मावळायला लागला की फाटकाकडे कान जातो. भीती वाटते. आणि कधी कधी, कुणाला सांगू नका, वाटतं की कडी वाजावी.

रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या करते. मला एकच लागते. दुसरी झाकून ठेवते आणि सकाळी गाईला घालते. अजून तरी ती सकाळी तशीच असते.